दक्षिणेस काही नाही

काठी धरणं, एवढंच माझं काम.
सरळ, न हलवता, श्वाससुद्धा बेतानं.
यंत्रामागे रोसाल्बा गेन्तेओ,
एक डोळा मिटलेला,
दुसरा माझ्या काठीवरच्या लाल आकड्यावर,
आणि आम्हां दोघांच्या मधे चिलोए बेटाचा वारा,
जो कुणाच्याच नावावर नाही.

सान्तियागोहून आलेल्या मालकाला
चाळीस तुकडे पाडून हवे होते,
प्रत्येकातून समुद्र दिसेल असे.
त्यानं आणलेला कागद त्याच्या आज्याच्या वयाचा:
चतुःसीमा येणेप्रमाणे —
पूर्वेस आरायानचं झाड,
उत्तरेस मयत बार्रिआचं कुंपण,
पश्चिमेस थोरली भरती जिथे दमते तिथवर,
दक्षिणेस काही नाही.

आरायान केव्हाच तोडलेलं.
झुडपात हात घालून बुंधा चाचपला,
दालचिनी रंगाची साल बोटांना लागली
तेव्हा रोसाल्बानं पहिली खुंटी ठोकली.
कुंपण मयताच्या नातवाच्या डुकरांनी पाडलेलं.
भरती मात्र अजून तिथेच दमत होती,
शेवाळाची, फुटक्या शिंपल्यांची
एक वळी रेतीवर टाकून परत जात होती.
"या कागदावर खरी सही एवढीच," ती म्हणाली.

दक्षिणेचं 'काही नाही' मोजायला
तीन दिवस लागले.

तिपाईचा एक पाय रुतला, मग दुसरा.
डबीतला बुडबुडा वर्तुळात बसेना.
मी इकडे पाऊल बदलावं
आणि तिकडे, तीस मीटरवर, तो सरकावा.
"हलू नकोस रे, ओविदिओ!"
मी कुठे हलतोय, बाई, खालचं हलतंय.
सळई ढकलली: हातभर, दोन हात,
मूठ टेकली तरी तळ नाही.
पोम्पोनचं शेवाळ, दोन पुरुष खोल, कुठे तीन,
पिळलं की पाणी, सोडलं की पुन्हा फुगलेलं.

मालक म्हणाला, भराव टाकू.

रोसाल्बा काही बोलली नाही.
त्याला उतारावरून खाली घेऊन गेली,
इर्मा रायमापोच्या अंगणात.
जानेवारी चाललेला, म्हणजे आमचा उन्हाळा,
पलीकडच्या वस्तीत नगरपालिकेचा टँकर,
निळी पिंपं दाराशी रांगेत.
इर्माच्या विहिरीत रोसाल्बानं माझी काठी सोडली.
वर आली तेव्हा एक मीटर ऐंशीपर्यंत ओली.
वहीत वरच्या दलदलीची उंची लिहिली,
खाली विहिरीतल्या पाण्याची,
आणि मधे एक बाण काढला.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयानं म्हणतात.
आम्ही तेच शोधत होतो,
पेन्सिल आणि ओले मोजे घेऊन.

शेवटी सतरा तुकडे निघाले,
सगळे कण्यावर, पिवळ्या घट्ट मातीत,
जिथे खुंटी ठोकली की आवाज येतो.
रस्ता तिनं चढाला आडवा फिरवला,
पावसानं माती खाडीत वाहून
शिंपल्यांच्या दोऱ्यांवर बसू नये म्हणून.
मालकानं बोटांवर हिशेब केला,
चाळिसातून तेवीस गेले,
भरावाच्या ट्रकांचं भाडं वाचलं,
खचणाऱ्या पायांचे खटले वाचले,
मग मान हलवली, हो का नाही ते कळेना.
पैसे मात्र वेळेवर दिले.
(नववा तुकडा मला आवडला होता.
सकाळी तिथून धुकं खालून वर येताना दिसतं.
भाव विचारला. पुन्हा काही विचारलं नाही.)

नकाशा कोरा करताना
रोसाल्बा दक्षिणेपाशी अडली.
पेन्सिल दातात, खिडकीबाहेर बघत,
आज्याच्या कागदातले ते दोन शब्द
खोडावेत का ठेवावेत.
मग बारीक अक्षरात लिहिलं: पाणी.
त्याखाली खोली, त्याखाली तारीख,
त्याखाली तिची सही, शिक्का.

माझा डावा बूट अजून तिथेच आहे,
अकराव्या आणि बाराव्या खुणेच्या मधे.
नकाशात तो दाखवलेला नाही.