साडेचार किलो

नाताळच्या आधीचा शनिवार, विस्मारचा बाजार.
हेन्निंगच्या टपरीपुढे रांग, रांगेत गेझीने,
हातात कापडी पिशवी, दुमडलेली.

पाटीवर खडूनं लिहिलंय: हंस, किलोला अठरा.
समोरच्या सुपरमार्केटात गोठवलेला निम्म्यात मिळतो,
दगडासारखा, प्लास्टिकात आवळलेला,
कुठून आला ते बारीक अक्षरांत.
कोंबडी तर चार युरोत.
पण सणाला कोंबडीला कोण विचारतं?

हा आपल्या सुभाषितातला हंस नव्हे,
दूध-पाणी निवडत बसणारा.
हा गवत उपटतो, अंगणभर हगतो,
पोस्टमनच्या पोटरीचा लचका तोडतो.
"कोंडून ठेवा, झुरायला लागतो," हेन्निंग सांगतो,
"मादी अंडी घालणार वसंतातच, तीही मोजकी.
एप्रिलपासून मी यांच्या मागे.
कोल्ह्यानं नेले ते वेगळेच.
मग अठरा जास्त कसे?"
रांगेतल्या प्रत्येकाला तो हेच सांगतो.
कुणी विचारलेलं नसतं.

काटा साडेचारवर थांबतो.
एक्याऐंशी युरो.
बेकरीत गेझीनेला तासाला साडेतेरा मिळतात,
म्हणजे पहाटे चार ते दहा
भट्टीच्या तोंडाशी उभं राहणं.
यातलं किलोभर तर चरबी होऊन वितळणार,
हाडं धरा आणखी किलोभर,
उरेल त्यात खाणारे सहा,
तंगड्या दोनच.
पिशवी उलगडते ती.

१९९१ साली बाप गोदीतून घरी आला तो कायमचा,
थर्मास आणि कुलपाची किल्ली घेऊन.
त्या नाताळात आईनं निळ्या काठाचं ताट काढलं,
हंसाचं, वर्षातून एकदा निघणारं.
त्यावर बदक.
भोवती भाजलेली सफरचंदं अशी रचलेली
की रिकामी जागा दिसू नये.
बापानं सुरीला धार लावली,
नेहमीसारखीच, फक्त जास्त वेळ.
"यंदाचा हंस जरा लहानखुरा," म्हणाला.
फोल्कमार सहा वर्षांचा. त्यानं तोंड उघडलं
आणि गेझीनेनं टेबलाखालून लाथ घातली.
काप इतके पातळ पडले
की धरले असते तर पलीकडची मेणबत्ती दिसली असती.
लाल कोबी मात्र हवा तेवढा.

यंदा खरा हंस. साडेतीन तास ओव्हनमध्ये,
पोटात सफरचंद, सुकी प्लम, पावाचा कुटका.
वास जिन्यावरून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला,
तिथल्या बाईनं मीठ मागायचं निमित्त काढलं,
आणि मीठ न घेताच गेली.

कातडी सुरीखाली कुरकुरली.
फोल्कमारला तंगडी, त्याच्या मुलाला दुसरी.
तो आता चाळिशीचा, पट्टा एक भोक सैल,
मजेत चघळत सहज म्हणाला,
"खरं सांगू? ते बदक जास्त चविष्ट होतं."

काटे-चमचे थांबले.
गेझीनेचा पाय टेबलाखाली हलला,
इतक्या वर्षांनी, आपोआप.

आईनं मान वर केली. ऐंशी पार,
कानाचं यंत्र बहुतेक बंद असतं.
"बदक?" ती म्हणाली. "या घरात कधी बदक शिजलं?"
आणि ताट पुढे सरकवलं, रश्श्यासाठी.

रात्री गेझीने ताव्यातली चरबी गाळते,
तीन बरण्या. गार झाली की पांढरी, घट्ट,
खिडकीत ठेवली की बाहेरच्या बर्फाच्या रंगाची.
पावाला लावून, वर मिठाची चिमूट,
फेब्रुवारी निघतो.

झोपण्यापूर्वी ती एक्याऐंशीला आधी सहानं भागते,
मग बरण्यांचे दिवस धरून पुन्हा भागते.
आकडा अजूनही जरा मोठाच येतो.
आईनं दोनदा वाढून घेतलं,
ते कुठं लिहायचं
हे तिला कळत नाही.