बदलीचं बी

वासनिक सिस्टर बदलून गेल्या
तेव्हा क्वार्टरच्या किल्लीसोबत
गोळ्यांचं एक कागदी पाकीट ठेवून गेल्या.
वर छापलेला सूर्य, छापलेला चंद्र,
दोन्हींखाली पेनाने बरोबरची खूण,
आत झिनियाचं बी.
राखाडी, चपटं, कापलेल्या नखांसारखं.

पोळा सरल्यावर मी वाफा केला,
हापशाचं पाणी वाहून जातं तिथे.
गव्हाचा दाणा झाकेल इतकंच खोल,
वरून चाळलेलं शेणखत.
लसीचा डबा ओट्यावर टेकवत दुर्पताबाई म्हणाली,
"काहून वो सिस्टर, याची भाजी होते काय?"

चौथ्या दिवशी दोन-दोन पानं आली,
सहाव्या दिवशी दुर्पताबाईच्याच कोंबड्या.
उरली अकरा रोपं.
वजन न वाढणाऱ्या पोरांच्या वहीत
मागच्या पानावर मी त्यांचीही उंची लिहीत गेले.

दिवाळीला शेंदरी फुललं, राणी फुललं,
आणि कुंपणाकडे एक फिकट,
धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखं,
पाकिटात नसलेलं.
फोनवर वासनिक सिस्टर हसल्या:
"फुलपाखराला कोण विचारतं, बाई,
कोणाकडून आलास म्हणून?"

ते तोडलं नाही कोणी.
देठावरच वाळलं, तपकिरी, काटेरी,
बघवेना असं.

माझी ऑर्डर आली तेव्हा
तेच बोंड मी तळहातावर चोळत होते.
दुर्पताबाईने पदर पुढे केला,
"मलेही द्या थोडं. त्या पांढुरक्याचं."

नवं पाकीट घेतलं.
सूर्याखाली खूण केली.
चंद्र तसाच सोडला.