पृथ्वीवर कुठेही

मुदत मध्यरात्री संपते.
कुठली मध्यरात्र, ते खाली बारीक अक्षरात:
पृथ्वीवर कुठेही.
म्हणजे अगदी टोकाच्या, माणूस नसलेल्या बेटावर
जोवर आजचीच तारीख आहे
तोवर माझा निबंध वेळेत.
मी बोटं मोडून हिशेब केला.
रुवीत तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे
चार वाजायला एक मिनिट.

खिडकीखाली अर्धवट इमारत.
जुलै. साडेबारा ते साडेतीन उन्हात कामाला बंदी,
म्हणून प्लायवुडच्या सावलीत माणसं ओळीने आडवी,
बूट उशाला.
मी पडदा ओढून सातव्या पानावर.

विषय: पैसे पाठवायचं यंत्र
आणि त्याच्यासमोर उभा माणूस.
सोळा माणसं, चार शुक्रवार, हाय स्ट्रीटवरचं एक्स्चेंज.
मी वही घेऊन यंत्राशेजारी,
लग्नात आहेर लिहून घ्यायला बसवतात
तशी कोणीतरी दूरची.

सहभागी सात. वय चोपन्न. फरशी बसवतात.
गाव बाणकोटच्या जवळ,
हे विचारावं लागलं नाही, बोलण्यातच होतं.
यंत्र म्हणालं: अंगठा ओळखता आला नाही.
त्यांनी तो जिभेला लावला. नाही.
शर्टाला पुसला. नाही.
"आजा माझा अंगठाछाप," ते यंत्रालाच सांगू लागले,
"बापाने फोकलून मला सही शिकवली.
आता सही येते, तर हा अंगठा मागतो.
आणि छाप तर सिमेंटने खाल्ली."
मग अंगठा कपाळावर घासला,
घामातेलाचा, टेकवला.
हिरवा दिवा. नव्वद रियाल गेले.
"कपाळात होते," म्हणाले, आणि हसले.

कलम चार-दोनमध्ये मी लिहिलं:
वापरकर्ते कपाळाच्या तेलाने सेन्सरला फसवतात.
'फसवतात' खोडलं. 'मनवतात' लिहिलं.
तेही खोडलं.
इंग्रजीत कपाळाला नुसती कातडी असते.
तळटीप दिली, तर पान आठ ओळींनी वाढलं.
तळटीप काढली.

निघताना त्यांनी विचारलं होतं,
"नाव येईल ना माझं? पुतण्याला दाखवीन."
संमतीपत्रावर सही केली होती,
वळणदार, चौकट सोडून बाहेर गेलेली,
बापाच्या फोकाची आठवण असावी अशी.
ती कपाटात कुलपात आहे. नियम तसा आहे.

माझंही नाव काढायचं. परीक्षण आंधळं हवं.
विद्यापीठ काढलं, आभार काढले,
मस्कतचं 'आखातातलं एक शहर' केलं.
फाइलच्या पोटात लेखक म्हणून कुठेतरी
मी अजून शिल्लक होते,
तिथूनही खरवडून काढलं.

साडेतीन. भोंगा.
खाली बूट उलटे करून वाळू झटकली जाते.
मी चहा ठेवायला गेले तेवढ्यात
लॅपटॉप झोपलेला. बोट मागतो.
हात कपाळापर्यंत गेला होता,
पण त्याआधीच, कडेच्या नुसत्या स्पर्शाने,
त्याने मला ओळखलं.
मला का कोण जाणे, शरमल्यासारखं झालं.

तीन सत्तेचाळीस. फाइल चढवली.
लाल पट्टी:
फाइलच्या नावातून ओळख उघड होते आहे.
पाहिलं तर,
चौगुले_शेवटचं_खरंच_शेवटचं.
माझ्याही नकळत मी महिनाभर
हेच नाव देत आले होते.
कर्सर त्याच्या टोकाशी लुकलुकत राहिला.
एकेक अक्षर मागून पुसत गेले,
'चौ' सर्वांत शेवटी.

तीन बावन्न.
मिळाला. धन्यवाद, लेखक.
तुमचा क्रमांक ४४१७.

त्या बेटावर अजून कालचीच रात्र, सात मिनिटांची.
चहा उतू गेला आहे.
खाली कोणीतरी कटर सुरू केला,
आणि फरशीची पांढरी धूळ
चौथ्या मजल्यापर्यंत,
माझ्या खिडकीच्या काचेवर,
जिथे बोट टेकवलं तर
स्वच्छ ठसा उमटतो.