काचेचं कवेलू

माजघराला खिडकी नव्हती.
लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी पुलगावच्या बाजारातून
काचेचं एक कवेलू आणलं, तणसात गुंडाळून.
मातीच्या बाराशे कवेलूंत
कौतिकानं त्याची जागा दाखवली:
"इथंसा. चुलीवर नोका बसवू, धुरानं आंधयं होईन."

तेव्हापासून उन्हाचा एक तुकडा घरात राहतो,
भाकरीएवढा.
सकाळी भिंतीवरून उतरतो,
भरल्या गुंडात पडला की उडी मारून
आढ्याला चिकटतो, पाणी हललं की तिथं थरथरतो.
सारवलेली जमीन त्याला पिऊन टाकते,
ढेकूळ पाणी पितं तसं, आवाज न करता.
बारा वाजता तिथं अनवाणी पाय ठेवावा,
मग कळतं पिलेलं कुठं गेलं.
ज्वारीची कोठी काजळलेली,
ती काहीच परत देत नाही.

आणि दिवाळीनंतर कापूस घरात येतो.
तुकडा ढिगावर पडतो आणि फुटतो,
चहूकडे.
मग कोपऱ्यातला विळासुद्धा दिसतो,
सुईत दोरा जातो.

यंदा कापूस आढ्याला लागला होता, तरी ती म्हणाली,
"काच मयली जी. पुसा ना."
शिडी लावली. राखेनं घासली.
"मयकीच हाये."
चार दिवसांनी पुन्हा, लिंबाच्या फोडीनं.
"तुमच्यानं काई होत नाई."

तिसऱ्या खेपेला वरूनच काचेला डोळा लावला.
खाली ती उभी, नेमकी त्या तुकड्यात,
मान वर करून.
साबुदाणा शिजला की आरपार होतो.
तिच्या बुबुळातला उलटा शिजत होता.
फडकं हातात तसंच राहिलं.
किती दिवस मी
भलतीच काच पुसत होतो.

आर्वीला शिबिर होतं. रांग, थेंब, हिरवी पट्टी.
परत आली ती काळा चष्मा कपाळावर सरकवून
माजघरात फिरत राहिली:
"हे जायं पाहा. हे पोपडे.
एवढं घर मयलं, अन् कोनी सांगतलं नाई?"
मग माझ्याकडे वळली.
थांबली.
"अन् तुमी कवा एवढे पांढरे झाले जी?"

कापूस विकून महिना झाला होता.
तुकडा माझ्या डोक्यावर आला होता,
आणि त्या उजेडात
तिचा चेहरा मला नीट दिसत होता.