ऐनवेळचे विषय

सभा अकराची, भरली साडेबाराला.
सांबारवडी आली, चहा आला, कोरम झाला.
मागचं इतिवृत्त कायम.
कंपाउंडच्या भिंतीवर पाऊण तास.

मग अध्यक्षांच्या परवानगीनं
खो-खोच्या पोरी आल्या,
म्हणजे पोरी नाही, त्यांचा अर्ज.
आठ सह्या. पहिली करिश्मा आत्रामची,
त्र लिहिताना कागद फाटलेला.
क्रीडाशिक्षक. चंद्रपूरचा दौरा. लॉजची रात्र.

"काऊन बाप्पा आत्ताच? नॅकवाले येऊन राह्यले."
"ढाली कोण आणते पण? सरच नं?"
डॉक्टर झाडे चष्मा पुसू लागले,
पुसतच राहिले.

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं,
सचिवांनी प्राचार्यांकडे,
प्राचार्यांनी मागं वळून मला विचारलं,
"वासनिक, हा पयलाच अर्ज नं?"

आवक नोंदवही माझ्या मांडीवर.
४१२, जुलै. ५३०, सप्टेंबर.
शिक्का माझा, अक्षर माझं.
शेरा : पुढे ठेवला.
कोणापुढे, याचा रकाना
छापणाऱ्यानं ठेवलाच नाही.

खिडकीबाहेर मैदानावर
त्या पोरी पाटीवर बसल्या होत्या,
एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं.
पाठीवर थाप पडली, खो ऐकू आला
की उठायचंच, असा नियम आहे.

मी बसून होतो.
"हो सर, पयलाच," म्हणालो
आणि लिहिलं : सखोल चर्चा झाली.

झाली हा शब्द जरा फिका उमटला.
पेन झटकून
पुन्हा गिरवला.