तिसऱ्या मसुद्यातल्या दुरुस्त्या

क्लाक्सविकच्या शाळेत मी बावीस वर्षं नर्स आहे.
या बेटावर प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी लागतो.
माझ्या खोलीचं दार बंदरावरून दिसतं,
आणि बंदराला तोंड फार मोठं.
मुलं माझ्याकडे गुडघा खरचटला तरच येतात.

आता तोर्शहावनहून एक बोलणारा चॅटबॉट येतोय.
त्याची वाक्यं आधी आली, छापून, तपासायला.

पहिलं: मला समजतं.
खोडलं. मला तरी कुठे समजतं दर वेळी?
वर लिहिलं: सांग.
नुसतं सांग.

त्याचं नाव चाल्दुर ठेवणार होते,
आमच्या किनाऱ्यावरच्या पाखराचं.
तोकी म्हणाला, नको.
नाव दिलं की रुसावंसं वाटतं,
आणि समजूत काढायला ते येणार आहे थोडंच.
सतरा वर्षांचा आहे तोकी.
हातांना कारखान्यातल्या माशाचा वास.

बोललेलं साठतं कुठे, रॅग्नाने विचारलं.
सुरक्षित, असं उत्तर आलं.
सुरक्षित हे कुठलं गाव?
मी समासात लिहिलं: ठिकाण सांगा, किती दिवस ते सांगा,
पुसायचं बटण पहिल्याच पानावर हवं.

शेवटचं वाक्य: मी नेहमी इथेच आहे.
हे मला आवडलं होतं.
मी कधी कुणाला असं म्हणू शकले नाही.

बार्ताल तासभर जॅकेटची चेन वरखाली करत बसला होता.
म्हणाला, मागच्या हिवाळ्यात माझ्याकडे एक होतं, फुकटातलं.
रात्री तीनला ते जागं असायचं.
म्हणून मी कुणालाच उठवलं नाही.

कॉफीच्या यंत्रात पाणी गुरगुरलं.
त्याची आई माझी मामेबहीण.
भिंतीपलीकडेच झोपते. झोप सावध तिची,
मांजर उतरलं तरी जागी होते.
मी तिला हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

वाक्य खोडलं. त्या जागी काय, ते सुचेना.
बार्तालनेच पेन ओढून घेतलं:
आत्ता घरात कोण आहे?
आणि खाली, बारीक अक्षरात:
रागावले तरी उठव.

आणि घरच नको असेल तर? रॅग्ना म्हणाली.
त्याला कुणाकडेच ओळ नव्हती.
त्या कोऱ्या जागेत मी माझा घरचा नंबर लिहिला.
मग बंदर आठवलं.
पेन हातातच होतं.
नंबर तसाच ठेवला.