गाठीचे पैसे

मधल्या मारुतीमागं, शेट्यांच्या पेढीच्या पायरीवर
मी बसतो. अंबूसा पटवेगार.
डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा
आणि मणी ओवायचे, एवढंच काम.
अंगठ्याला खाच पडलीय एकेचाळीस वर्षांची,
दोरा तिच्यात न बघता बसतो.

सोलापुरात दोऱ्याचं काय कौतुक?
इथं हवेतच सूत उडतं,
अशोक चौकातून आलेल्याच्या भुवया पांढऱ्या.
तरी सांगतो :
दोन मोत्यांमध्ये एक गाठ मारावी लागते.
हार तुटला तर एकच मोती घरंगळतो,
बाकीचे जागच्या जागी थांबतात.
या गाठीचे पैसे कुणी कधी विचारले नाहीत.

आता फॅशन आलीय तरंगत्या खड्यांची.
पोरी फोन पुढं करतात : असं पाहिजे काका,
पुष्कराज दिसला पाहिजे, दोरा दिसता कामा नये.
मासे धरायच्या तंगुसात ओवतो मी खडे.
तंगूस गाठ धरत नाही, डिंकाचा थेंब लावावा लागतो.
गळ्याच्या खळग्यात खडा नुसता उभा राहतो.
देखणा दिसतो. खोटं कशाला बोलू?

गेल्या साली सगळ्यांना गुलाबी सोनं,
त्याआधी काळवंडलेली चांदी,
त्याआधी देवीच्या मूर्तीवर असतात तसे घसघशीत हार.
खडे तेच.
पाचू उन्हात धरला की त्याच्या पोटात जाळं दिसतं,
मागावर ताणा सुटावा तसं बारीक.
शेटे म्हणतात, जाळं नाही तो पाचू काचेचा समजा.
मे महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीत,
त्या हिरव्यात बघत राहिलं की मानेला गार लागतं.
का, ते मला विचारू नका.

गड्डा उठला त्या आठवड्यात
विडी घरकुलातून अनसूया येमूल आली.
बोटांना तंबाखूचा वास, कातरीचा घट्टा.
रुमालाची गाठ सोडली :
दोन पुस्ते, काळे मणी, सहा पोवळी.
"पोरीचं लगीन हाय. नव्या दोऱ्यात ओवा. गाठी मारून, जुन्यासारखं."

भिंग लावलं. पोवळ्यात बुडबुडा होता.
मी गप्प. तीच बोलली,
"काचंचीच हायत. मिल बंद पडली तवा अत्तम्मानं खरी विकली,
रातोरात ही घातली. मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.
जाताना मला सांगून गेली.
मी पण पोरीला सांगीन की. लगेच कशाला?"

शेट्यांची धाकटी सून शिवलीला,
पुण्याला डिझाइन शिकलेली, गल्ल्यावरून उठून आली.
काय लाल आहे हा! फोटो काढू?
काढला.
काचेवर दुपारचं ऊन, मागं माझा अंगठा.

आठ दिवसांत पाच जणी आल्या,
एक तर विजापूर रोडची डॉक्टरीणबाई.
सगळ्यांना तसलीच पोवळी,
मधून लाल दोरा दिसणारी,
गाठीसुद्धा ठसठशीत दिसल्या पाहिजेत म्हणे.
शेट्यांनी मखमलीवर खरी पोवळी ओतली, इटलीची, पावतीसकट.
बायकांनी माना हलवल्या.
यांच्यात तो उजेड नाही.

आता तसली काच मिळत नाही.
कासारांकडं विचारलं, हैदराबादला फोन लावला.
भट्टी कधीच विझली म्हणतात.
शेटे माझ्यावर चिडलेत, जणू मीच ती लपवून ठेवलीय.

काल डॉक्टरीणबाई पायरीशी वाकल्या.
काच जेव्हा मिळेल तेव्हा मिळू दे,
तुम्ही एका गाठीचे किती घेता?

मला आकडा सुचेना.
अनसूयाच्या सहा पोवळ्यांना सात गाठी मारल्या होत्या,
त्या मी धरल्याच नव्हत्या हिशेबात.
अंगठ्यातला दोरा ताणला
आणि सुईत मेण लावत बसलो,
त्या उभ्या होत्या तरी.